गोठलेल्या नळ्या

माझ्या बायकोला तुम्ही मारलं, साहेब. आजाराचा नंबर नंतर, आधी तुमचा.

मी सोपान. आंदर मावळात डेअरी चालवतो, सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध घेतो. शाळा दहावीला सुटली, त्यामुळं अर्जाची भाषा मला जमत नाही. येते तीच लिहितो.

माधवी थकायची, डोळे पिवळे दिसायचे. तुमच्या दवाखान्यात तपासलं तर हिपॅटायटिस सी. तिच्या लहानपणी माहेरी एकाच सुईनं अख्ख्या आळीला टोचणारा एक कंपाउंडर फिरायचा, त्याच्याकडून आला असेल. कोण सांगणार? तुमचा डॉक्टर पोरगेलासा होता, पण भला. त्यानं समजावलं, "या तपासणीत एवढंच कळतं की विषाणू कधीतरी शिरला होता. आत्ता अंगात आहे का, किती आहे, ते व्हायरल लोडच्या तपासणीत कळेल. प्लेटलेट कमी आहेत, लिव्हर बरंच खराब झालंय. गोळ्या फुकट आहेत, त्या कपाटात आहेत. रिपोर्ट आला की त्याच दिवशी सुरू. उशीर करू नका."

कपाट काचेचं होतं. डब्या मी डोळ्यांनी बघितल्या.

आता तुमचा कारभार ऐका. रक्त काढणारी बाई नऊला येते. रक्ताचे नमुने पुण्याला नेणारी गाडी आठला जाते. आणि मधल्या वेळेचा फ्रिज बंद पडलेला. बाईनंच तोड काढली. "तुमची डेअरी आहे ना? मग नळ्या घेऊन जा. थंड ठेवा, उद्या आठच्या आत आणून द्या."

थंड ठेवा. किती थंड, ते कुणी बोललं नाही.

मला वाटलं, थंडीतलं मला काय शिकवायचं? जन्म गेला दूध नासू न देण्यात. त्या दिवशी गावात वीज नव्हती, घरचा फ्रिज बंद. डेअरीत जनरेटरवर चार डिग्रीचा कूलर चालू होता, पण त्यात गावाचं दूध. दुधात रक्त कसं ठेवू? कुणाच्याच मनाला पटलं नसतं. म्हणून नळ्या पिशवीत गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये, बर्फाच्या लाद्यांशेजारी ठेवल्या.

माधवी दारात उभी राहून बघत होती. "आवो, माझं रक्त डेअरीला घालताय व्हय? फॅट किती लागलं ते सांगा."

"तुला दर चांगलाच लागंल," मी म्हणालो.

"आन् पाणी निघालं म्हंजे?"

"मग बाईला धरतो, तिनंच घातलं म्हणून."

लय हसली. सकाळी नळ्या बर्फाच्या कांडीसारख्या कडक झालेल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, एवढं थंड कुणाचंच नसणार. दुधाच्या टेंपोतून खाली नेऊन गाडीवाल्याच्या हातात दिल्या.

मग वाट बघणं. पाच वेळा आलो मी तुमच्या खिडकीशी. "आला की फोन करू." तिसऱ्या खेपेला कळलं, डॉक्टरची बदली झाली. पुन्हा रक्त काढा म्हणालो, तर म्हणे आधीचा रिपोर्ट येऊ द्या. घरी पोचलो की माधवी विचारायची, "आलं का माझं फॅट?" पुढं तिच्या पोटात पाणी झालं, पाय सुजले. तरी तेच विचारायची, पण हसायची नाही. शेवटी शेवटी नुसती माझ्या हाताकडं बघायची, कागद आहे का म्हणून.

चौथ्या महिन्यात रक्ताची उलटी झाली. पुण्याला नेली. तिथला डॉक्टर म्हणाला, "गोळ्या वेळेत सुरू झाल्या असत्या तर कदाचित." तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर तिची फाईल मागायला आलो. फाईलमध्ये पहिल्याच पानाला पुण्याच्या लॅबची चिठ्ठी टाचलेली. 'नमुना गोठलेला. तपासणी शक्य नाही. ताजा नमुना पाठवावा.' तारीख मी नळ्या दिल्या त्याच्या सहाव्या दिवसाची.

घरी आलो. माधवीचे वडील, दत्तोबा, ओट्यावर बसले होते. त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "जावई, त्या बर्फाच्या पेटीत तुमीच ठेवल्या व्हत्या न्हवं?"

"व्हय, मामा."

त्यांनी उपरणं तोंडावर ओढलं. आत माझी पोरगी प्रेरणा भाकरी थापत होती, ती थांबली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

माझ्याकडं कुणाचं दूध फाटलं, तर त्याची किटली धुवायच्या आत मी फोन करतो. सांगतो, तुमचं आजचं परत आलंय, उद्या असं असं करून आणा. वीस वर्षांत एक फोन चुकला नाही. आणि ते दूध आहे, साहेब.

नळ्या मी गोठवल्या. हे मी कुठंही, कुणासमोरही सांगेन, रोज सांगतो स्वतःला. पण सहाव्या दिवशी तुमच्या दवाखान्यात एका माणसानं ती चिठ्ठी हातात घेतली, नीट टाचली आणि फाईल बंद केली. माझा नंबर त्याच फाईलवर लिहिलेला होता, माधवीच्या अक्षरात. माझं नाव मी सांगितलं. आता त्याचं तुम्ही सांगा. आणि त्याला विचारा, फोन का नाही केला?