वरच्या फळीवरची साक्ष

मित्रांनो, माझ्याकडे येणारा माणूस माझ्याकडे कधीच पाहत नसे. त्याचे सगळे लक्ष वरच्या फळीकडे असे. मी एका लहानशा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधली जुनी लाकडी शिडी आहे. फार दमले आहे, तेव्हा सावकाश सांगते. तुम्हीही घाई करू नका.

मला ज्या सुताराने घडवले, त्याचा स्वतःचाच खटला त्या कोर्टात चालू होता. सख्ख्या भावाशी तो सामाईक भिंतीवरून भांडत होता. तारखेला आला की आवारातल्या झाडाखाली बसून माझ्या पायऱ्या तासायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, आज आपला नंबर लागेल का? मी तयार झाले, कामालाही लागले, तरी त्याची भिंत होती तिथेच होती. पण हात मात्र त्याचा सच्चा. पायऱ्या त्याने खाचा पाडून बसवल्या, नुसत्या खिळ्यांच्या भरवशावर सोडल्या नाहीत.

रेकॉर्ड रूम म्हणजे निकाल लागून गेलेल्या खटल्यांचे कागद ठेवायची खोली. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर कापडात बांधलेली दप्तरे आणि प्रत्येक दप्तरावर वर्ष लिहिलेली चिठ्ठी. कुणाला जुन्या निकालाची नक्कल हवी असली की तो बाहेरच्या खिडकीशी अर्ज द्यायचा. मग आतले माणूस मला उचलायचे, फळीला लावायचे आणि चढायचे.

सुरुवातीचे मोठे कारकून माझे फार लाड करायचे. मला तेल पाजायचे, पायांखाली पाणी साचू द्यायचे नाहीत. नवीन साहेब आले की मला दाखवून म्हणायचे, "ही आहे म्हणून बरं. नाहीतर वरच्या फळीवरचे निकाल देवाघरीच राहिले असते." मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा.

मोठे कारकून निवृत्त झाले. त्यांची जागा भरली नाही. मग दुसऱ्यांचीही भरली नाही. एका पावसाळ्यात छत गळू लागले, तेव्हा ओल्या भिंतीकडची दप्तरे घाईघाईने कोरड्या भिंतीकडे रचली गेली. घाईत चिठ्ठ्या सुटल्या, वर्षे एकमेकांत मिसळली. कोपऱ्यात वाळवी लागली. आणि एवढा सगळा पसारा सांभाळायला शेवटी एकच बाई उरल्या.

बाईंचे गुडघे दुखायचे. प्रत्येक पायरीवर त्या दोन्ही पाय टेकवून थांबायच्या. लोक पाठीमागे त्यांना 'उद्याबाई' म्हणत, कारण खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला त्या उद्या यायला सांगत. बाईंना ते नाव ठाऊक होते. कोर्टाच्या शिपायाला त्या एकदा म्हणाल्या होत्या की, नाही म्हणायचं तर आधी सगळं शोधून व्हायला हवं, आणि ते तर कधीच होत नाही. हे सांगताना त्यांना रागही आला नाही. रागवायलाही जरा ताकद लागते.

अशाच एका सकाळी खिडकीशी दोन म्हातारी माणसे आली. एक होता निवृत्त बसड्रायव्हर. दुसरी होती त्याची थोरली चुलतबहीण. लोकांचे कपडे शिवून तिचे डोळे अधू झाले होते. तो तिला ताई म्हणत होता. दोघे एकाच बसने आले होते, पण बाकावर बसले ते दोन टोकांना. मधे आणखी दोघे मावले असते.

मी दाराशीच टेकलेली असल्यामुळे खिडकीवरचे बोलणे मला सगळे ऐकू येई. ताईने सांगितले ते असे. तिचे वडील, म्हणजे ड्रायव्हरचे काका, लाकडाच्या एका वखारीवर पहारा करत. ती वखार एका रात्री जळाली. काकांनीच आग लावली असा खटला झाला आणि काका तुरुंगात गेले. सुटून आले तेव्हा त्यांच्यात जीव उरला नव्हता, वर्षभरात गेले. त्या खटल्यात साक्ष झाली होती ती या ड्रायव्हरची. तेव्हा तो लहान मूल होता, काकांना जेवणाचा डबा पोचवायचा. पोराने तोंड उघडले आणि घर बसले, असे घरात कायम बोलले गेले. ताईच्या आईने त्याला पुन्हा कधी उंबरा ओलांडू दिला नाही.

"आई गेली आता," ताई म्हणाली. "आता कुणाला दुखायचं नाही. हा काय बोलला होता ते मला ऐकायचंय."

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता. आपण काय बोललो ते त्यालाही नीट आठवत नव्हते. वासाबद्दल काहीतरी बोललो, एवढेच.

बाईंनी खटल्याचा नंबर विचारला. तो दोघांनाही ठाऊक नव्हता. वर्ष विचारले, तर ताईला एवढेच आठवत होते की त्या साली नदीवरचा जुना पूल वाहून गेला होता. मग बाईंनी समजावून सांगितले, की निकालाची नक्कल कुणालाही मागता येते, पण साक्षीचे कागद पाहायचे तर वेगळा अर्ज करून साहेबांची परवानगी घ्यावी लागते. शिवाय निकाल कायम ठेवतात, बाकीचे कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचे असतात. ते उरले असतीलच असे नाही. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि कारणाच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, काय लिहू?

"ऐकायचंय, असं लिहा," ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलला.

बाईंनी 'अवलोकनासाठी' असे लिहिले आणि नेहमीसारखे उद्या यायला सांगितले.

ती दोघे दुसऱ्या दिवशी आली. मग पुढच्या आठवड्यात आली. पुलाचे साल ताईने चुकीचे धरले होते. बरोबर साल सापडले, तर त्या सालाचे दप्तर जागेवर नव्हते. दर खेपेला ती बाकाच्या दोन टोकांना बसत आणि संध्याकाळची बस धरत. बाईंच्या जागी दुसरे कुणी असते तर एव्हाना 'कागद उपलब्ध नाहीत' असा शेरा मारून मोकळे झाले असते. बाईही एकदा पेन उघडून बसल्या होत्या. पण तो शेरा काही त्यांच्याने लिहवला नाही.

परवानगी आली त्या दिवशी शिपाई रजेवर होता. सगळ्यात वरची फळी तेवढी बघायची राहिली होती. बाई मला फळीला लावून उभ्या राहिल्या, गुडघा चोळला आणि खिडकीबाहेर पाहिले. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे नसते, हे दारावरच लिहिलेले होते. तरी त्यांनी ड्रायव्हरला आत बोलावले.

"शिडी धरा. कागदांना हात लावू नका," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी धरले, पण त्या हातांची पकड मी विसरत नाही. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेले ते हात माझ्या दांड्यांवर घट्ट रोवले होते. बाई एकेक पायरी चढत होत्या आणि दर पायरीला ती पकड आणखी आवळत होती. दप्तर सापडावे असे त्याला वाटत होते की सापडू नये असे, ते मला कळले नाही. बहुधा त्यालाही कळत नसावे.

वरच्या फळीवर पुढच्या रांगेमागे आणखी एक रांग होती. तिथून बाईंनी एक दप्तर ओढले, चिठ्ठी फुंकून वाचली आणि ते काखोटीला मारले. उतरताना माझी मधली पायरी कडकन तडकली. बाईंचा तोल गेला. ड्रायव्हरने एका खांद्याने मला रेटून धरले आणि एका हाताने त्यांना सावरले. बाई मटकन जमिनीवर बसल्या. दप्तर मात्र त्यांनी सोडले नव्हते.

साक्षीचे कागद आत होते. ते नष्ट करायला कुणाला सवड झाली नव्हती, काम तुंबले म्हणूनच ते वाचले होते. बाईंनी ताईलाही आत बोलावले, दोघांना टेबलाशी बसवले आणि स्वतःच वाचू लागल्या, कारण ताईला ते अक्षर दिसत नव्हते.

आधी मुलाला विचारले होते, खरे बोलणे म्हणजे काय? मुलाने सांगितले होते, जे झाले तेच सांगायचे. मग विचारले होते, त्या संध्याकाळी डबा घेऊन गेलास तेव्हा काय दिसले? काका दिसला. आणखी काय? काकाच्या हाताला रॉकेलचा वास येत होता.

पान तिथे संपले. ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले. तेवढेच त्याला आठवत होते, आणि घरातही तेवढेच बोलले गेले होते. ताई तोंडावर पदर धरून बसली. तिचा हात टेबलावरून मागे गेला.

बाईंनी मात्र पान उलटले. ते ओलीने मागच्या पानाला चिकटले होते. त्यांनी मधे पट्टी सरकवून ते हळूहळू सोडवले आणि वाचले.

"रोजच येतो. काका रोज संध्याकाळी वखारीतले कंदील भरतो."

ड्रायव्हरने बाईंना ते परत वाचायला सांगितले. बाईंनी वाचले. त्याने पुन्हा सांगितले, बाईंनी पुन्हा वाचले. मग त्यांनी निकाल काढून पाहिला. निकालात मुलाचे पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. दुसरे नव्हते.

"रोजच यायचा," ताई म्हणाली. "बाबा सकाळी माझी वेणी घालायचे, तेव्हासुद्धा यायचा. माझ्या केसांना लागायचा." मग ती ड्रायव्हरकडे वळली. "तू सांगितलं होतंस रे. सगळं सांगितलं होतंस."

"मला अर्धंच आठवत होतं, ताई," तो म्हणाला. "सगळे तेवढंच म्हणायचे."

याने निकाल काही बदलत नाही, हे बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. निकाल बदलायला आपण आलोच नव्हतो, असे ताई म्हणाली आणि तिने साक्षीच्या नकलेच्या दोन प्रती मागितल्या, एक आपल्यासाठी, एक भावासाठी. प्रती तयार होईपर्यंत दोघे बाहेर बाकावर बसले. डब्यातली पोळी तिने मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. तिच्या घरचे त्याने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा खाल्ले. बस आली तेव्हा ती त्याच्या दंडाला धरून चढली. त्याच बसने तो तिच्या घरी गेला, असे बाई नंतर शिपायाला सांगत होत्या.

माझे काम त्या दिवशी संपले. तडकलेली पायरी कुणी बदलली नाही. माझ्या जागी लोखंडी शिडी आली आणि मला मागच्या अंगणात टाकले. आता माझ्यावर फरशी पुसायची फडकी वाळतात. पावसाने माझा एक पाय कुजला आहे. बाई अजून नोकरीत आहेत, अजून एकट्याच आहेत आणि लोकांना अजून उद्याच बोलावतात. कधी त्या चहाचा कप घेऊन बाहेर येतात, माझ्या खालच्या पायरीवर बसतात आणि चहा संपवतात. मला भार होतो, पण मी करकरत नाही.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. लाकूड कधीतरी कुजायचेच. पण ती खोली अजून गळते आहे आणि त्या फळ्यांवर कुणाकुणाचे बोलणे बांधून ठेवलेले आहे. एकदा ते नुसत्या नशिबाने वाचले, दर वेळी वाचेल असे नाही. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी अशा खोलीत कामाला बसेल. तेव्हा छत वेळेवर शाकारून घ्या, चिठ्ठ्या नीट चिकटवा, शिडीची पायरी तडकली तर बदला. खूप दमला असाल, बाहेर रांग लागली असेल, घरी जायची वेळ झाली असेल, तरीही दप्तर बांधण्याआधी पान उलटून बघा.