बेहडातुकूमच्या भोंग्याचं म्हणणं

मित्रांनो, भोंगा म्हटलं की तुम्ही कानांवर हात ठेवता, हे मला माहीत आहे. निवडणुकीत आणि वरातीत माझ्या भाऊबंदांनी जे काही केलं आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. मी एक जुना, गावठी भोंगा आहे. ॲल्युमिनियमचा, काठाला चेपलेला. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोललो. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतो आहे, तेव्हा आवाज थोडा घोगरा लागेल.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते आता आठवत नाही. मला तोंड फुटलं ते चिमूरला, शफीभाईंच्या साउंड सर्व्हिसमध्ये. त्यांनी माझ्या पाठीवर लाल रंगात 'शफी साउंड, चिमूर' असं लिहिलं आणि मला बेहडातुकूमच्या लोकांच्या हवाली केलं. जाताना म्हणाले, "आवाज कमी ठेवजा जी." हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत आणि एकही गिऱ्हाईक ऐकत नसे.

बेहडातुकूमच्या तीन बाजूंना जंगल होतं आणि चौथ्या बाजूला जंगलात जाणारा रस्ता. मला विहाराशेजारच्या उंच बांबूवर बांधलं. सकाळी माझ्यातून वंदना व्हायची. मग दिवसभराचा कारभार. कोणाची शेळी सापडत नाही, राशन आलं आहे, पोलिओचा डोस आहे, लेकरं लपवू नका. हे सगळं रामाजीभाऊ बोलायचे. त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. माइक एकदा त्यांच्या हाती गेला आणि राहिला. पुढाऱ्यांचंही असंच होतं. फरक एवढाच, की रामाजीभाऊ कामाचं बोलत.

पण माझं खरं काम संध्याकाळी असायचं. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला, सरपणाला माणसं जंगलात गेलेली असत, आणि जंगलात वाघही कामावर असे. म्हणून दिवेलागणीला रामाजीभाऊ हाक घ्यायचे. स्वतःच्या घरापासून सुरुवात करून घराघरातल्या माणसांची नावं पुकारायचे. अंगणातून ओरडून उत्तर यायचं, "आला!" किंवा "आली!" उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव नाही. आणि ज्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्यानंच उत्तर द्यायचं. एके काळी कोणी तरी अंदाजानं 'आला असंन' म्हणून सांगितलं होतं. तो आलेला नव्हता. तेव्हापासून अंदाज बंद.

पहिलं नाव नेहमी राजदीपचं. तो रामाजीभाऊंचा मुलगा. बहुतेक वेळा तो बांबूखालीच उभा असायचा आणि तरीही ठणठणीत "आलो!" म्हणून ओरडायचा. बापाला त्याचं हसू यायचं. ते हसू माझ्यातून साऱ्या गावाला ऐकू जायचं.

मग साहेबलोक आले. वाघाला जागा पाहिजे, म्हणाले. वाघानं अर्ज केल्याचं मी काही ऐकलं नव्हतं, पण सभा झाल्या, आणि सभांची आमंत्रणं माझ्याच तोंडून दिली गेली. दुसरीकडे घर आणि शेत घ्या, नाही तर रोख पैसे घेऊन मोकळे व्हा, असे दोन मार्ग होते. अठरा वर्षांवरच्या पोराला वेगळं कुटुंब धरलं होतं. रामाजीभाऊंनी घर घेतलं. राजदीपनं बापाला न विचारता रोख घेतली.

त्या दिवशी बापलेकांचं जे झालं, ते माझ्या खालीच झालं.

"गाव उचलून राह्यले, अन् तू एकटाच निंगून राह्यला?" रामाजीभाऊ म्हणाले.

"गाव उचलल्यावर काय उरते बाबा? तिथी जाऊन म्या काय पाहावं, नळ?"

"मंग जाय. पुन्हा माह्या दारात येजो नको."

राजदीप गेला. गावही पुढच्या आठवड्यात गेलं. मी टेम्पोतून गेलो, एका पाळण्याच्या आणि रॉकेलच्या पिंपाच्या मधे बसून. मागे वळून बघावं असं फार वाटलं. पण भोंग्याला मान नसते. टेम्पोत माझं तोंड ज्या दिशेला ठेवलं होतं, ती दिशा पुढची होती.

नव्या जागेला लोक नुसतं 'पुनर्वसन' म्हणतात. घरं एका रांगेत आहेत, सारखी आहेत, सुरुवातीला माणसं परक्याच्या घरात शिरून चहा मागत. जंगल नाही. संध्याकाळी कोणी हरवायचा प्रश्न नाही, कारण हरवण्यासारखी जागाच नाही. पहिल्याच संध्याकाळी रामाजीभाऊंनी मला विजेच्या खांबाला टांगलं, मशीन सुरू केलं, माइक हातात घेतला. त्यांचा श्वास मला ऐकू आला. पहिलं नाव राजदीपचं होतं. ते ओठांपर्यंत आलं. मग त्यांनी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मला खाली काढून मागच्या खोलीत ठेवलं. सूचना आता मोबाईलच्या गटावर येऊ लागल्या. त्या गटावर सकाळी फुलांची चित्रं येत आणि दुपारी भांडणं. माझ्याकडे कोणी फिरकेना. कोळ्यानं जाळं केलं. रामाजीभाऊंच्या बायकोची, मीराबाईंची, कोंबडी माझ्या तोंडात अंडी घालू लागली. लोक म्हणतात, उतारवयात काही तरी काम असावं. होतं. पण मित्रांनो, ज्याच्या पोटातून गावभरची नावं गेली, त्याला कोंबडीचं कॉक-कॉक किती दिवस पुरणार? मी अंधारात पडून राहायचो आणि संध्याकाळ झाली की आपोआप तयार व्हायचो. काही येत नसे.

दोन पावसाळे गेले. एके दिवशी चंद्रपूरच्या कॉलेजातली पोरं आली. हर्षा नावाची मुलगी दिग्दर्शक होती, आणि आवाजाची पेटी गळ्यात अडकवलेला सैफ. त्यांना परीक्षेसाठी छोटा सिनेमा करायचा होता आणि विषय होता विस्थापन. विषय त्यांच्या सरांनी दिला होता. विस्थापित मात्र त्यांचे त्यांनी शोधायचे होते.

हर्षानं रामाजीभाऊंना ओट्यावर बसवलं. "काका, विस्थापन म्हटलं की तुमच्या मनात सगळ्यात आधी काय येतं?"

रामाजीभाऊंनी विचार केला. "टेम्पो," ते म्हणाले.

"नाही, म्हणजे आतून काय वाटतं?"

"आतूनच सांगून राह्यलो ना बेटा. मांगच बसलो होतो मी."

मग ती शेजारच्या रीताबाईंकडे वळली. रीताबाई सिनेमा म्हणून जांभळी साडी नेसून, पावडर लावून तयार होत्या. हर्षानं चाचरत विचारलं, "मावशी, जरा साधी साडी आहे का? आणि ती छतावरची डिश थोडा वेळ काढता येईल?"

"काऊन? विस्थापित माणूस टीव्ही पाहात नाई का?" रीताबाई कडाडल्या. "थांब, डिश काढतो, साडी फाडतो, अन् उन्हात बसून रडतो. चालते का?"

"मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"नाई नाई, सांग ना माय. कोन्त्या बाजूनं रडू? उजेड कुठून येऊन राह्यला?"

सगळे हसले. हर्षाचा चेहरा पडला. ती वाईट नव्हती, मित्रांनो. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. पण काय विचारावं हे सरांनी सांगितलं नव्हतं.

त्या गडबडीत सैफ पाणी प्यायला आत आला आणि त्याला मी दिसलो. माझ्या पाठीवरची लाल अक्षरं वाचून तो तिथेच खाली बसला. "हर्षा, इकडे ये! हा माझ्या अब्बूंचा भोंगा आहे!" शफीभाईंचा तो मुलगा. त्यानं कोंबडीची माफी मागून मला बाहेर काढलं आणि शर्टाच्या बाहीनं पुसलं. एवढ्या प्रेमानं मला कारखान्यातही कोणी पुसलं नसेल. मग रीताबाईंनीच पोरांना हाकेची सारी गोष्ट सांगितली.

हर्षाचे डोळे चमकले. "काका, हाक घ्याल? फक्त आमच्यासाठी?"

"नाई."

"थोडीशी?"

"हाक थोडीशी नाई राहात. सुरू केली का पुरी कराव लागते."

मीराबाई दाराआडून ऐकत होत्या.

हर्षा सूर्याकडे बघत म्हणाली, "काका, उजेड खालच्या बाजूनं आहे. तुम्ही शेवटच्या घरापासून सुरुवात केलीत तरी चालेल."

कॅमेऱ्याच्या सोयीसाठी बोललेलं हे वाक्य. हाक उलटी घ्यायची असते, असं बेहडातुकूममध्ये कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण उलटी घेतली तर आपलं घर सगळ्यात शेवटी येईल, हे रामाजीभाऊंच्या ध्यानात आलं. मला ते दिसलं. ते उठले.

सैफनं त्याची बॅटरी जोडली, मला खांबाला बांधलं. दिवेलागण झाली. दोन वर्षांनी माझ्यातून माणसाचा आवाज गेला.

"दसरू!"

रांगेच्या टोकाला एक दार उघडलं. "आलो जी!"

"देवाजी!"

"आला, आला! खाटेवर पडून हाये!"

दारं उघडत गेली. जेवणं टाकून माणसं बाहेर आली. सारखी दिसणारी घरं एकेका नावानं वेगळी होऊ लागली. रीताबाईंच्या मुलापाशी हाक अडली.

"आदेश!"

"तो नागपूरले आहे ड्युटीवर," रीताबाई ओरडल्या. "आत्ताच व्हिडिओ कॉलवर पाह्यला. चालते का?"

हा प्रश्न आमच्या रिवाजाला नवीन होता. रामाजीभाऊंनी थोडा विचार केला. "डोयानं पाह्यला ना? चालते."

अशी रांग संपली. हर्षा आनंदानं म्हणाली, "कट! काका, फार सुंदर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामाजीभाऊंनी माइक खाली ठेवला नाही.

"झालं काका."

"नाई झालं."

त्यांनी माइक पुन्हा तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "राजदीप."

पूर्वीसारखं मोठ्यानं नाही. पण हळू बोललेलं मोठं करणं हेच तर माझं काम. ते नाव सगळ्या दारांवरून गेलं आणि कुठूनही परत आलं नाही. कोणी खोकलं. 'आला असंन' असं म्हणणारा एकही माणूस तिथे नव्हता, आणि त्या रांगेत उभ्या प्रत्येकाला तसं म्हणावंसं वाटत होतं.

मीराबाई पायऱ्या उतरल्या. त्यांच्या हातात फोन होता. त्यांनी तो माइकजवळ धरला.

"कोन हाये?" रामाजीभाऊंनी विचारलं.

"ज्याले हाक मारली तोच."

"तुह्याजवळ त्याचा नंबर कधीपासून?"

"पह्यल्यापासूनच जी. दर बुधवारी बोलतो आमी. तुमी चावडीवर जाता तवा."

तेवढ्यात माझ्यातून मुलाचा आवाज बाहेर पडला. आपण अख्ख्या पुनर्वसनात ऐकू जातो आहोत, याची त्याला कल्पना नव्हती. "माय? आज बुधवार नाई ना. बाबाले काई झालं काय? बोल ना माय. मी हैदराबादवरून आत्ता निंगतो, बाबाले काय झालं?"

मी जोरात शीळ घातली. फोन माइकजवळ आणला की भोंगा शीळ घालतो, त्यात माझा इलाज नसतो. त्या वेळी मात्र बरं झालं, कारण त्यामुळे रामाजीभाऊंना तोंड फिरवायला सवड मिळाली.

शीळ थांबली. त्यांनी हाकेच्या आवाजात विचारलं, "राजदीप! आला का?"

त्यालाही हाक ओळखता आली. मग तो म्हणाला, "नाई बाबा. नाई आलो."

मित्रांनो, बेहडातुकूममध्ये कोणी आलं नसेल तर काय करत, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. माणसं शोधायला जायचीच. पण माइक बंद करायचा नसे. चुकलेल्या माणसाला अंधारात वाट दिसत नाही, आवाज मात्र ऐकू येतो. म्हणून तो येईपर्यंत कोणी तरी काही तरी बोलत राहायचं. काय बोलायचं याला नियम नव्हता.

रामाजीभाऊ बोलू लागले. "आयक मंग. शेळी व्याली. दोन पाठी हायेत. नळ सकाळी येते, अर्धा घंटा. तुह्या मायचा गुडघा दुखून राह्यला. इथी मोह नाई, पन बांधावर एक रोप लावलं, पाहू जगते का. देवाजी म्हातारा झाला बे, खाटेवरून उठत नाई..." खाटेवरून देवाजी ओरडले, "खोटं हाये!" लोक हसले. फोनमध्येही कोणी तरी हसलं, आणि मग बराच वेळ नाक ओढत राहिलं.

सैफची बॅटरी संपली. मी मुका झालो. रामाजीभाऊ तसेच बोलत राहिले.

सिनेमा पुरा झाला. विस्थापन नीट दिसत नाही, लोक हसतात, आणि आवाज फार मोठा आहे, असं सरांचं मत पडलं. शेवटचा मुद्दा मी मान्य करतो.

मी आता पुन्हा खांबावर आहे. राजदीप अजून आलेला नाही. त्या संध्याकाळी निघतो म्हणाला होता, पण बाप धडधाकट आहे हे कळल्यावर त्याला धीर झाला नसावा. रोज दिवेलागणीला मीराबाई फोन धरतात, रामाजीभाऊ विचारतात, तो "नाई आलो" म्हणतो, आणि मग बाप त्याला दिवसभराचं सांगतो. शेजारच्या गावानं आवाजाची तक्रार केली आहे. खांबावर राहून मला ऊनपाऊस लागतो, आणि रात्री फार एकटं वाटतं, कारण पुनर्वसनात रात्री ऐकण्यासारखं काही नसतं.

तुमच्या घरी एखादी जुनी बोलकी वस्तू धूळ खात पडली असेल, तर तिला बाहेर काढून पुसा. आणि कोणाचं नाव घ्यायचं तुमच्याकडून राहून गेलं असेल, तर तेही घ्या. उत्तर काय येईल म्हणून भिऊ नका. 'नाही आलो' असं सांगायलासुद्धा कोणी तरी विचारावं लागतं.

बस, माझं झालं. रामाजीभाऊंनी मशीनचं बटण दाबलं आहे. आता मला त्यांचं बोलायचं आहे.