दवाखान्याआधीची सौना

तपासणीच्या यंत्रातून बाहेर आल्यावर हिल्काला फक्त झोपायचं होतं. दोन वर्षं ताप येत-जात होता, वजन उतरलं होतं, आणि दंड असे दुखायचे की केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यावा लागे. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तपासून हात टेकले आणि शेवटी मन शांत करायची औषधं लिहून दिली. तिच्या नवऱ्याला, ताइस्तोला, ते लगेच पटलं. दुखण्याला नाव नसलं की आधी घरचेच संशय घेतात, हे हिल्का पुरतं शिकली होती.

कुओपिओ शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टर वालरूस मात्र म्हणाल्या होत्या की हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज असावी. हा आजार फार थोड्यांना होतो. तपासणीसाठी किरणोत्सारी साखर टोचायची. सूज असेल तिथे ती जास्त ओढली जाते आणि चित्रात ती जागा उजळते. तोवर सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, नाहीतर सूज चित्रात दिसायचीच नाही. आदल्या दिवशी गोड खायचं नाही आणि अंगमेहनत करायची नाही. हिल्कानं सगळं पाळलं होतं.

"काल काय केलंत?" डॉक्टरांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"काही नाही. सौना घेतली," हिल्का म्हणाली. लाकडं जाळून तापवलेल्या खोलीतलं वाफेचं स्नान, त्यात काय सांगायचं?

"तापवली कोणी?"

"मीच." तिनं शेजारी बसलेल्या ताइस्तोकडे मान वळवली. "याची पाठ धरलीय ना. थोडी लाकडं फोडली, तळ्यावरून पाणी आणलं." दवाखान्यात जायचं तर आदल्या संध्याकाळी सौना हवीच, परक्या माणसांपुढे मळकं अंग कसं न्यायचं? शिवाय ताइस्तो म्हणाला होता, जरा हातपाय हलव, दुखणं आपोआप पळेल.

"अहो, याला मेहनत म्हणतात!"

"आमच्याकडे आंघोळ म्हणतात," ताइस्तो गुरगुरला.

डॉक्टरांना हसू आलं नाही. सगळी साखर स्नायूंनीच ओढून घेतली होती. छातीतली मोठी वाहिनी किंचित उजळल्यासारखी वाटत होती, पण खात्रीनं काही सांगता येत नव्हतं.

"गोळ्या आज सुरू केल्या तर काही दिवसांत बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "पण मग नेमका आजार कदाचित कधीच कळणार नाही. नाहीतर आठवडाभर थांबा, पुन्हा करू. थांबण्यात धोका दिसत नाही. त्रास मात्र तुम्हालाच आहे."

हिल्काचे खांदे ठणकत होते. आणखी एक आठवडा असंच काढायचं?

"घे ना गं गोळ्या," ताइस्तो हळूच म्हणाला. "कशाला जीव जाळतेस? पटलंय मला, तुझं खरंच दुखतंय."

दोन वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती.

"कधी पटलं?"

"आत्ताच. बघ की, केवढं पेटलंय!"

त्याचं बोट पडद्यावरच्या तिच्या खांद्यांवर होतं, पाठीवर होतं.

"ते लाकडं फोडल्याचं आहे," डॉक्टर म्हणाल्या.

हिल्काला रडू फुटलं. राग आला होता म्हणावं, तर रागवायचंही त्राण नव्हतं. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यातला दिवस सांगा," ती म्हणाली. मग ताइस्तोकडे वळली. "आज माझं काम बघितलंस. आता एकदा माझं दुखणं बघ."