सल्ला दिला

“पान तीन, ओळ चार, सल्ला दिला. पान तीन, ओळ नऊ, सल्ला दिला. पान चार, ओळ दोन, पुन्हा सल्ला दिला.”

बायकोनं चष्मा कपाळावर चढवला आणि वही माझ्यापुढं सरकवली. लाल शाईमुळं वहीला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

“आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.”

मी वाचलं.

सेवार्थी : सून माझ्याशी बोलत नाही.

कार्यकर्ती : तुम्ही आधी बोला. आणि चष्मा दुरुस्त करून घ्या. खोली नंबर नऊ. बुधवारी गर्दी कमी असते.

खाली कॉलेजच्या मॅडमनी लिहिलं होतं : ‘चष्मा मध्येच कुठून आला?’

“अहो, काडी तुटली होती. दोरा बांधला होता बिचारीनं. मला काय, दिसत नव्हतं?”

मी हसलो, आणि ते चुकलंच.

हिनं बावीस वर्षं मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीमागं काढली. सगळं इस्पितळ हिला चौकशीबाई म्हणतं. समोरचा ‘छातीत’ एवढं म्हणेपर्यंत हिचा उजवा हात डावीकडच्या जिन्याकडं गेलेला असतो. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हिनं जाहीर केलं, की आपण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी, करणार. कारण विचारलं तर म्हणाली, “उत्तर मिळालं तरी काही माणसं खिडकीपाशी उभीच राहतात. त्यांना काय हवं असतं, ते मला एकदा शिकायचंय.” माझं अक्षर बरं म्हणून फॉर्म मीच भरला.

लेखी पेपरांत हिनं पोरांना मागं टाकलं. वर्ग हिला काकू म्हणायचा आणि हिच्याच नोट्स उतरवून घ्यायचा. घोडं अडलं ते क्षेत्रकार्यात. मदतीला आलेल्या माणसाला त्यांच्या पुस्तकात सेवार्थी म्हणतात. त्याचं ऐकायचं, त्याची वाट त्याला शोधू द्यायची आणि झालेलं बोलणं शब्दन् शब्द लिहून द्यायचं, एवढंच काम. पण हिच्या तावडीत सापडलेला सेवार्थी दहा मिनिटांत तीन खोल्यांचे नंबर आणि एखादा घरगुती उपाय घेऊन बाहेर पडे. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, की येत्या शनिवारी त्या स्वतः शेजारी बसतील. पुन्हा सल्ले निघाले तर क्षेत्रकार्यात नापास, म्हणजे वर्ष गेलं. अभ्यासाची रजा दुसऱ्यांदा मिळत नव्हती, आणि इस्पितळाच्या समाजसेवा विभागातली रिकामी खुर्ची काही हिच्यासाठी थांबणार नव्हती.

“तुम्ही सेवार्थी व्हा,” ती म्हणाली. “मी सराव करते.”

“गेली अठ्ठावीस वर्षं मी तोच आहे.”

“चेष्टा नको. बसा.”

रविवारची सकाळ होती, मला काही घाई नव्हती. मी दारुडा झालो. खुर्चीत वाकडा बसलो, जीभ जड केली आणि बायकोच्या नावानं बोटं मोडली.

“आधी तोंड धुऊन या,” ती म्हणाली.

“सल्ला.”

मग मी नापास झालेला विद्यार्थी झालो, मग घर सोडून आलेला म्हातारा. दर वेळी तिसऱ्या वाक्याला मला “सल्ला” म्हणावं लागलं. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

“मला नाही जमणार हो,” ती म्हणाली. “गप्प बसले की मला कामचोर असल्यासारखं वाटतं.”

मला वाईट वाटलं. इतक्या हौसेनं शिकणारी बाई अशी हिरमुसलेली बघवेना.

“मी सगळं खोटं सांगतोय, म्हणून होतंय तुझं असं,” मी म्हणालो. “थांब, खरं सांगतो. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे.”

“ते ठाऊक आहे मला.”

“कार्यकर्तीला कसं ठाऊक?”

ती सावरून बसली. उजवा हात तिनं मांडीखाली दाबून धरला.

मी काहीतरी हलकंफुलकं सांगणार होतो. तोंडातून दुसरंच निघालं.

“लिफ्टचं दुखणं कानाला कळतं. वर मशीनच्या खोलीत उभं राहायचं. ब्रेक सुटला की खट् होतं, बसला की खट् होतं. दोन महिन्यांपूर्वी एका इमारतीत मला दुसरं खट् ऐकूच आलं नाही. वॉचमन म्हणाला, मिस्त्री, येतोय की आवाज.”

तिचे ओठ हलले. कान-नाक-घसा, खोली चौदा, मंगळवार, हे सगळं मला तिच्या तोंडावर वाचता येत होतं. पण ती बोलली नाही. ती बोलेना म्हणून मलाच पुढं बोलावं लागलं.

“तेव्हापासून प्रत्येक लिफ्ट दोनदा तपासतो. हात लावून बघतो. कुणाला सांगितलं नाही. उद्या माझ्या ऐकण्यात चूक झाली आणि आत माणसं असली तर?”

“भीती वाटते?”

“वाटते,” मी म्हणालो. हा शब्द मी तिच्यापुढं कधी उच्चारला नव्हता. उच्चारला आणि फार बरं वाटलं.

“मग तुम्हाला काय करावंसं वाटतं?” वाक्य पुस्तकातलं होतं, उजवा हात अजून मांडीखालीच होता.

“ऑफिसात सांगून टाकावं म्हणतो. आणि कान दाखवावा.” मी तिच्याकडं पाहिलं. “कितव्या खोलीत असतं ते?”

“तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा सल्ला नव्हे, ही माहिती आहे. चौदा. मंगळवारी.” आणि वहीवर डोकं टेकून ती रडली. मी उठून पाणी आणलं.

मंगळवारी कान तपासले. यंत्र मिळेल, बोलणं नीट ऐकू येईल, पण बारीक आवाजांचा भरवसा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. शनिवारी ती मॅडमसमोर बसायला गेली आणि मी ऑफिसात गेलो.

संध्याकाळी ती आली ती थेट स्वयंपाकघरात. दूध तापत ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“पाऊण तास,” ती म्हणाली. “पाऊण तासात मी चार वाक्यं बोलले.”

“कोण होतं? काय अडचण होती?”

“ते नाही सांगता येणार. गोपनीय असतं.”

बावीस वर्षं इस्पितळातली खडान् खडा बातमी जेवणाबरोबर वाढणारी बाई हे म्हणत होती. मी हात जोडले.

“बरं, मॅडम काय म्हणाल्या?”

“पास म्हणाल्या. गप्प बसायला कुठं शिकलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, तेही गोपनीय आहे.”

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग डोळे पुसत तिनं विचारलं, “आणि तुमचं?”

“दिल्या चाव्या. सव्वीस इमारतींतल्या मशीनच्या खोल्यांच्या होत्या. सोमवारपासून खाली टेबलावर, सुटे भाग तपासायचे. साहेब चांगले बोलले. चहा पाजला.” मी हसतच सांगत होतो, पण हात रिकामा खिसा चाचपत होता.

पूर्वीची चौकशीबाई असती तर म्हणाली असती, बरंच झालं, जिने चढणं वाचलं. ती काही म्हणाली नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मग मी बोलायला लागलो, अगदी पहिल्या इमारतीपासून.

जळका वास आला तेव्हा दूध उतू गेल्याचं मला कळलं. तिला ते केव्हाच ऐकू आलं असणार. ती उठली नव्हती.