पुढच्याला घेता यावी अशी सर्व्हिस

रविवारी सकाळी पाणी भरून झाले. जयंतीबाई चहा घेऊन बसल्या आणि मार्तंडरावांनी मुलुंडच्या त्या लहानशा दिवाणखान्यात, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून बॅडमिंटनच्या सर्व्हिसचा सराव सुरू केला. शटल छताला लागून जयंतीबाईंच्या चहात पडले.

"परत उंच! अहो, सर्व्हिस देताय की पाहुण्याला पाट मांडताय?"

"समोरच्याला घेता तर आली पाहिजे ना?"

"घेतात की! आणि माझ्या अंगावर हाणतात. आज फायनलला शेवटपर्यंत असंच चाललं, तर पुढच्या वर्षी मी तिसऱ्या मजल्यावरच्या सौरभबरोबर खेळणार."

मार्तंडराव गंभीर झाले. जेवणाची पाने वाढेपर्यंत ते दोरीला जेमतेम चुकवणारी सर्व्हिस घोटत राहिले.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मिश्र दुहेरीचा अंतिम सामना रंगला. शेवटच्या गुणाला सर्व्हिस मार्तंडरावांकडे आली. पलीकडे त्यांचे जुने शेजारी चंद्रप्रकाश गुडघ्याला पट्टा बांधून, रॅकेट उंचावून मागे उभे होते.

"द्या मार्तंडराव, तुमची नेहमीची!"

इतक्या विश्वासाने मागितलेली वस्तू नाकारणे मार्तंडरावांना फार जड गेले.

"तयार ना?" त्यांनी आपुलकीने विचारले आणि शटल नेटवरून अलगद पुढ्यात टाकले. चंद्रप्रकाश धावले, पण पोहोचले तेव्हा शटल जमिनीवर निवांत पडलेले होते.

"सॉरी" मार्तंडरावांच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी जयंतीबाईंकडे पाहिले, शब्द गिळला आणि हात मिळवायला नेटकडे निघाले.