रुजू तारीख

नानासो गेले तेव्हा कुपवाडातले लोक आधी बिरदेवच्या पाठीवर हात ठेवत, मग राजनंदिनीकडे वळत. मुलगी ती होती. पण धाय मोकलून रडत होता तो वडिलांच्या लोखंडाच्या ओतशाळेतला सगळ्यात जुना कामगार, बिरदेव. तिला रडू फुटत नव्हतं. ते तिला सलत राहिलं.

ती कारखान्याची मालकीण झाली आणि कायदे शिकू लागली. एक समजेपर्यंत दुसरा बदललेला असे. नव्या कामगार संहितांनी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं सक्तीचं केलं होतं. नानासोंनी कधी कुणाला कागद दिला नव्हता. बिरदेवनं जतकडून माणूस आणायचा, नानासोंनी त्याला भट्टीसमोर उभं करून चहा पाजायचा, की झाली नेमणूक.

"जुन्या लोकांची रुजू तारीख काय टाकू?" कामगार कायद्याच्या सल्लागारानं फोनवर विचारलं.

ती एकट्या बिरदेवला ठाऊक असणार. वडिलांचं प्रत्येक साल त्याच्याकडेच का असावं?

"आजचीच टाका," ती म्हणाली. आजपासून तरी हा माणूस वडिलांचा न राहता आपला कामगार होईल, असं तिला वाटलं. त्याची लाजही वाटली नाही.

बिरदेवनं चष्मा लावून आपलं नेमणूकपत्र वाचलं.

"आजची तारीख? मग आजपातूर मी हितं काय शेरडं राखत हुतो व्हय, ताई?"

मागे उभ्या कामगारांत हशा पिकला. पत्र घ्यायला कुणीच पुढं येईना.

"नव्या कायद्याचा नमुना आहे, मामा."

"कायदा नवा आसंल, मी न्हाई. ह्यो कागद घेतला की माजी जुनी नोकरी पुसली. मालक आसतं तर..."

"मालक नाहीत!" तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही एकटेच होता का त्यांचे?"

बिरदेवनं टोपी काढली.

"न्हाई. पर तुमच्या वाटचं लय मिळालं मला, ते खरं हाय. रहिमतपुरात तुमचं बारसं हुतं, त्याच दिशी हितं पयली भट्टी पेटली. मी कामाला लागलो त्यो दिस त्योच. भट्टीपासनं मालकांचा पाय निघंना. 'पोरगी रुसंल रं गड्या,' सारकं म्हणत हुतं."

वडील बारशाला आले नव्हते, हे तिनं आजोळी जन्मभर ऐकलं होतं. त्या दिवशी ते कुणाबरोबर होते, ते आज कळलं.

"रुसलीच ती," राजनंदिनी म्हणाली.

ती संगणकापाशी बसली. आपल्या बारशाची तारीख बिरदेवच्या नावापुढे घातली आणि पत्र पुन्हा छापून दिलं. त्यानं सही केली.

मग तिनं बाकीच्यांच्या तारखा त्यालाच विचारायला घेतल्या. "तानाजी? मालकांनी स्कूटर घेतली ती दिवाळी." "दादासो? मालकांचा हात पोळला त्या वक्ताला." दर तारखेमागून वडिलांचा एकेक दिवस निघत होता, तिला न मिळालेला. प्रत्येक वेळी ती तो दिवस टिपून घेत होती, आणि पुढचं नाव विचारत होती.