कुंडलिकच्या घरातलं एकुलतं एक कुलूप

"आपल्या घरात कुलूप न्हाय!" ही सोलापुरात गिरणीत काम करणाऱ्या कुंडलिकची मोठी फुशारकी. पेटी उघडी, कपाट उघडं. घरच्या माणसांपासून काय लपवायचं, असं तो चाळभर सांगत फिरे. जेऊरच्या शेतासाठी फवारणीचं औषधही तो सोलापुरातच घेई आणि सुट्टी मिळेपर्यंत ते खाटेखाली सरकवून ठेवी. तुमच्या-आमच्या घरांतही असंच चालतं की!

चौऱ्याहत्तर साली त्याच्या लेकीचं, प्रभाचं, ठरलेलं लग्न मोडलं. पोर रडली नाही, भांडली नाही. नुसती गप्प झाली. आवडीच्या बांगड्या तिने शेजारच्या मुलींना देऊन टाकल्या, तेव्हा आई मथुराबाईला वाटलं, चला, विसरली एकदाची!

औषध न्यायला जेऊरहून कुंडलिकची थोरली बहीण गोजरबाई आली. बाई म्हणजे तोफ, पण मायेची. तिने भाचीचं न संपलेलं ताट पाहिलं, मोकळे हात पाहिले आणि तेलाची वाटी घेऊन तिला पुढ्यात बसवलं. डोक्याला तेल घालता घालता तिने सरळच विचारलं, "प्रभे, मरावंसं वाटतंय का गं तुला?"

"आक्का!" कुंडलिक ओरडला. "काय अभद्र बोलतीस! पोरीच्या डोक्यात नसलेलं भरवशील!"

"इचारल्यानं डोक्यात काय शिरत न्हाय. न इचारल्यानं मातर माणूस आतल्या आत कुढतंय. तू गप बस."

प्रभा आत्याच्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "वाटतंय आत्या. रोज न्हाय, पन वाटतंय."

अरेरे! एका खोलीत राहून आईबापाला पत्ता नव्हता! मथुराबाईने लेकीला कवटाळलं.

"सांगितलंस, लई बेस केलंस," गोजरबाई म्हणाली. "उद्या आपण समदी मिळून डाक्टरकडं जाऊ. आन् कुंडलिक, ते खाटंखालचं आदी भाईर काढ."

कुंडलिकने त्याच संध्याकाळच्या गाडीने फवारणीच्या औषधाचा डबा जेऊरला नेला आणि शेतावरच्या पेटीत बंद केला. सकाळी परतला तो नवं कुलूप घेऊनच. घरातल्या औषधाच्या गोळ्याही त्याने घरच्या पेटीत घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"आप्पा, माज्यावर इस्वास न्हाय व्हय?" प्रभाने विचारलं.

कुंडलिकने तिला जवळ बसवलं. "तुज्यावर हाय की बाळा! त्या वंगाळ घडीवर न्हाय. ती येती तशी जाती. ती जाईस्तोवर तुज्या हाताला काय लागू नये, म्हणून हे कुलूप. आन् ती आली की मला उठवायचं, मी कितीबी घोरत असलो तरी!"

प्रभा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी किंचित हसली. बरं व्हायला वेळ लागला. डॉक्टरांकडे खेपा झाल्या, आत्या मुक्काम वाढवत राहिली. पुढच्या संक्रांतीला प्रभाने स्वतः हट्ट करून हातभर बांगड्या भरल्या.

वाचकहो, गप्प झालेल्या लेकराला जवळ घ्या, स्पष्ट विचारा, डॉक्टरांना दाखवा. आणि जिवावर बेतणारी वस्तू घरातून हलवा, नाहीतर कुलपात ठेवा. हा अविश्वास नव्हे, ही माया आहे!

कुंडलिक अजून फुशारकी मारतो. "आपल्या घरात कुलूप हाय!" तो चाळभर सांगतो, आणि प्रभा आतून ओरडते, "आप्पा, पुरं की आता!"